बर्फाचे ट्रे: हार्ट फेल्युअरमधल्या लोहाच्या कमतरतेची एक केस

माझ्या एका पेशंट काकांना विचारूनच लिहितोय, फक्त ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी इकडच्या तिकडे केल्यात. वय ६३, एसटीत कंडक्टर होते, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतात, वजन ५८ किलो. चार वर्षांपूर्वी मोठा अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत एक स्टेंट. अटॅकने व्हायचं ते नुकसान केलंच होतं, हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा इकोत ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० टक्के, पायाला सूज, रात्री दोन उशा घेऊन झोपणं. मग आपण जे करतो ते सगळं केलं, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन, हळूहळू डोस वाढवत नेले, सोबत अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि लघवीची टॉर्सेमाइड. मीठ कमी, दिवसाला दीड लिटर पाणी. दीड वर्षात ईएफ ३८ वर आला, सूज गेली, एका उशीवर झोपायला लागले. कागदावर बघाल तर अगदी छान चाललेली केस.

पण काका काही खूश नव्हते. दिवाळीनंतर आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, छातीचं काय न्हाई, पण अंगात जीवच न्हाई ओ. पारावरनं घरापर्यंत येताना तीनदा बसतोय." मी तपासलं, फुफ्फुसं साफ, पायाला सूज नाही, मानेची शीर फुगलेली नाही. हिमोग्लोबिन १२.९. पुरुषात १३ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, पण १२.९ बघून कोण दचकतं? मी पण नाही दचकलो. ओपीडीत बाहेर पंचवीस जण बसलेले, मी लिहून दिली रोज एक फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, १०० मिलिग्रॅम लोहवाली, आणि म्हटलं तीन महिने घ्या, ताकद येईल. फेरिटिन (लोहाचा साठा) केलं नाही, सॅच्युरेशन (लोह वाहणाऱ्या ट्रान्सफरिन या प्रोटीनवर किती टक्के लोह चढलंय) केलं नाही. ही पहिली चूक.

जानेवारीत परत आले. दम तसाच, वर आता एक नवीन तक्रार, संडास काळी होतेय. मी हसून म्हटलं, काका लोहाची गोळी आहे, काळी होणारच, घाबरू नका. हे वाक्य आपण सगळेच दिवसातून चारदा बोलतो आणि शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. वजन दीड किलो वाढलेलं दिसलं म्हणून टॉर्सेमाइड वाढवली. आठ दिवसांनी सुनेचा फोन आला की मामांना उठल्यावर चक्कर येतेय, बीपी ९० पर्यंत उतरलेलं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, १.५ झालेलं. डोस परत खाली आणला. म्हणजे दम कमी करायला गेलो आणि माणसाला कॉटवर पाडून बसलो, दम जागच्या जागी.

मार्चमध्ये सून सोबत आली होती. माझं विचारून झालं, मी प्रिस्क्रिप्शन लिहायला लागलो आणि ती सहज बोलून गेली, "डॉक्टर, यांना पाणी थोडं वाढवून द्या ना, बिचारे दिवसभर बर्फ खातात. फ्रिजमधले दोन्ही ट्रे संपवतात, मुलांना सरबताला बर्फ राहत नाही." काका ओशाळले. म्हणाले, तहान नाही लागत, पण बर्फ कडाकडा चावावासा वाटतो, रात्री दोनला उठून पण चावतो, दात शिवशिवतात तरी. घरात सगळ्यांनी धरून चाललेलं की पाणी तोडलंय म्हणून हे चाललंय. ऐकायला अगदी पटण्यासारखं, आणि खरं सांगतो, तीन सेकंद मलाही पटलं होतं.

पण तहानलेला माणूस बर्फ चघळतो, वितळवतो. कडाकडा चावणं, रात्री उठून चावणं, दुसरं काही नको पण बर्फच हवा, ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे बायका कच्चे तांदूळ खातात, पाटीवरची पेन्सिल खातात, पोरं भिंतीचा पोपडा खातात, त्याच जातीतलं हे. लोह कमी असलेल्या माणसात बर्फाची ओढ हे पुस्तकात पहिल्यापासून लिहिलेलं लक्षण आहे, पण हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये ते पाणी-बंदीच्या मागे आरामात लपून बसतं.

त्याच दिवशी रक्त घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १३.१, म्हणजे चक्क नॉर्मल. फेरिटिन ६४, समोर रेंज छापलेली ३० ते ४००, म्हणजे तेही नॉर्मल. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ८०, काठावर. अख्ख्या रिपोर्टमध्ये एकच बारीकसा स्टार होता, आरडीडब्ल्यूसमोर (लाल पेशींच्या आकारात किती फरक आहे तो आकडा), १७.२. सीरम आयर्न ३८, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहायची एकूण क्षमता) ३४२ आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन लॅबने काढलंच नव्हतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, अडतीस भागिले तीनशे बेचाळीस, ११ टक्के. निदान २० तरी पाहिजे. मी तो ११ पेनाने रिपोर्टच्या कडेला लिहिला आणि भोवती गोल केला, कारण छापलेल्या रिपोर्टमध्ये ही कमतरता कुठेच दिसत नव्हती.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण माझ्यासारखे इथेच फसतात. फेरिटिन हा लोहाच्या साठ्याचा आकडा, पण शरीरात सूज-दाह असला की तो आपोआप वर चढतो, आणि जुनं हार्ट फेल्युअर म्हणजे बारीक आचेवर कायम चालू असलेला दाहच. त्यामुळे निरोगी माणसाची रेंज इथे लावून चालत नाही. हार्ट फेल्युअरच्या मोठ्या ट्रायल्स आणि युरोपियन गाइडलाइन्स धरतात ते असं, फेरिटिन १०० च्या खाली असेल तर कमतरता आहेच, आणि १०० ते २९९ असेल तर सॅच्युरेशन बघा, ते २० टक्क्यांच्या खाली असेल तरीही कमतरता. आता तर बरेच जण म्हणतात की फेरिटिनपेक्षा सॅच्युरेशनवर जास्त विश्वास ठेवा, आणि माझंही मत हळूहळू तिकडेच झुकलंय. या व्याख्येने मोजलं तर जुन्या हार्ट फेल्युअरच्या जवळजवळ निम्म्या पेशंटमध्ये लोह कमी निघतं. निम्म्या! आणि त्यातल्या कित्येकांचं हिमोग्लोबिन व्यवस्थित असतं. लोह फक्त रक्त लाल करायला लागत नाही ना, स्नायूंच्या पेशीत ऊर्जा तयार होते तिथेही लागतं, आणि हृदय म्हणजे दिवसाला लाखभर वेळा आवळणारा स्नायूच आहे. काकांच्या बाबतीत आणखी एक गंमत, डॅपाग्लिफ्लोझिनने हिमोग्लोबिन थोडं वर जातं. दिवाळीनंतरचे १२.९ चे १३.१ झाले यात माझ्या लोहाच्या गोळीचं श्रेय बहुतेक शून्य असावं.

काकांना समजावताना मी एसटी डेपोच घेतला. म्हटलं, लोह म्हणजे गाड्या. थोड्या गाड्या डेपोत उभ्या आहेत, पण गेटवरचा वॉचमन सोडत नाही. लिव्हर एक हेपसिडिन नावाचं हार्मोन बनवतं, तो हा वॉचमन. शरीरात दाह असला की तो गेट बंद करून बसतो, डेपोतली गाडी बाहेर सोडत नाही आणि आतड्यातून गोळीच्या वाटेने येणारी नवी गाडीही आत घेत नाही. काका लगेच म्हणाले, "आन् ष्टँडवर पब्लिक उभी." बरोब्बर.

म्हणूनच गोळ्या चालत नाहीत. चार महिने १०० मिलिग्रॅम रोज, म्हणजे बारा ग्रॅम लोह त्या माणसाच्या तोंडातून गेलं, अख्ख्या शरीरात तीन-चार ग्रॅम असतं, आणि सॅच्युरेशन ११! हार्ट फेल्युअरमध्ये आतड्याला पण सूज असते, त्यात कोणाला अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असते, आणि आमच्याकडे जेवण झालं की लगेच कपभर चहा. हे सगळं धरलं तरी मुख्य अडचण तो वॉचमनच. २०१७ साली आयर्नआउट नावाचा अमेरिकन ट्रायल आला, २२५ पेशंट, लोहाच्या गोळ्या दिवसातून दोनदा, १६ आठवडे. व्यायामाची क्षमता प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, काडीने वाढली नाही. हे मला माहीत होतं की नव्हतं? होतं, वाचलेलं होतं. तरी मी दिवाळीनंतर तीच गोळी लिहिली, कारण ती लिहायला पाच सेकंद लागतात.

मग शिरेतून द्यायचं ठरलं. मुलगा पुण्यात आयटीत आहे, त्याने फोनवरून सगळं विचारलं आणि चांगलं विचारलं, "डॉक्टर, याने बाबांचं आयुष्य वाढेल का नुसतं बरं वाटेल?" मी त्याला जे आहे ते सांगितलं. २००९ चा फेअर-एचएफ, ४५९ पेशंट, फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज (हेच शिरेतून द्यायचं लोह) दिलेल्यांपैकी निम्म्यांनी सहा महिन्यांनी सांगितलं की बऱ्यापैकी किंवा खूपच बरं वाटतंय, प्लासिबोत तसं म्हणणारे २८ टक्के. म्हणजे प्लासिबोनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, हेही लक्षात ठेव म्हटलं. नंतरच्या मोठ्या ट्रायल्समध्ये, २०२० चा अफर्म-एएचएफ, २०२२ चा ब्रिटनमधला आयर्नमॅन, २०२३ चा तीन हजारांवर पेशंटचा हार्ट-एफआयडी, मुख्य निकाल दरवेळी संख्याशास्त्राच्या रेषेच्या अगदी जवळ येऊन हुकला. हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट व्हायची वेळ कमी येते याकडे कल दिसतो, मृत्यू कमी होतात असं छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही. युरोपियन गाइडलाइनने २०२३ मध्ये म्हणूनच लक्षणं आणि रोजचं जगणं सुधारण्यासाठी जोरदार शिफारस केली, अ‍ॅडमिशन कमी करण्यासाठी जरा हात राखून. तो म्हणाला, पारापर्यंत न बसता गेले तरी चालेल मला.

आधी सहा मिनिटांची चाल मोजली. खरं तर तीस मीटरचा सरळ कॉरिडॉर लागतो, आमचा पंधराच मीटरचा, दोन टोकांना दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवायच्या आणि फेऱ्या मोजायच्या, वळण्यात वेळ जातो म्हणून आकडा थोडा कमीच येतो. पण आधी आणि नंतर त्याच कॉरिडॉरमध्ये मोजलं तर तुलना बिघडत नाही. काका २९० मीटर चालले, मध्ये एकदा भिंतीला टेकून. सिस्टर फेऱ्या मोजत होत्या तर काका त्यांना सांगत होते, "डबल बेल द्या की, थांबलो तरी."

डोसाचा तक्ता सोपा आहे, वजन आणि हिमोग्लोबिन बघायचं. ७० किलोच्या खाली आणि हिमोग्लोबिन १० ते १४, म्हणजे एकदाच १००० मिलिग्रॅम. ५०० च्या दोन व्हायल, १०० मिली सलाईनमध्ये. शाईसारखं गडद तपकिरी, काका आणि काकू दोघांनी त्या बाटलीकडे जरा संशयानेच बघितलं. पंधरा-वीस मिनिटांत जातं. शीर नीट आहे ना हे दोनदा बघायचं, कारण बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो लवकर जात नाही. नंतर अर्धा तास बसवून ठेवलं, अ‍ॅलर्जी येतेय का बघायला. काही झालं नाही. खर्च काही हजारांत गेला, मुलाने भरला, पण असा मुलगा नसलेले पेशंट माझ्याकडे जास्त आहेत आणि तिथे ही केस अशी सरळ पुढे गेली नसती. लोहाची गोळी त्याच दिवशी बंद केली.

आठव्या दिवशी सुनेचा मेसेज, ट्रे भरलेले आहेत. मामांनी तीन दिवसांत बर्फाला हात लावला नाही. दम अजून तसाच होता, चालणं तसंच, पण बर्फ सुटला. तिला बरं वाटलं, मला त्याहून जास्त.

पण एक गोष्ट खटकत होती. पुरुष, ६३ वर्षांचा, लोह जातंय कुठे? बाईमाणसात पाळी असते, गरोदरपण असतं. पुरुषात लोह एवढं कमी म्हणजे कुठून तरी रक्त जातंय हेच आधी डोक्यात यायला पाहिजे, हार्ट फेल्युअर हे कारण पुरेसं मानून गप्प बसायचं नाही. दहाव्या दिवशी फोन करून विचारलं, काका संडास कशी होतेय? "काळीच की, डांबरासारखी." गोळी बंद होऊन दहा दिवस झाले होते! लोहाच्या गोळीचा काळा रंग चार-पाच दिवसांत जायला हवा. म्हणजे जानेवारीपासून मी ज्याला लोहाचा रंग म्हणत होतो त्यात रक्ताचाही रंग होता, आणि माझ्याच गोळीने तो झाकून ठेवला होता.

बोलावून घेतलं. विचारलं, दुसऱ्या काही गोळ्या घेता का? नाही म्हणाले. हा प्रश्न मी आधीही दोनदा विचारलेला, उत्तर तेच. यावेळी काकूंना म्हटलं, घरातली गोळ्यांची पिशवी आणा बघू, सगळीच्या सगळी. पिशवी टेबलावर उलटी केली. माझ्या गोळ्या नीट डब्यात, वारांप्रमाणे, आणि खाली तळाशी कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे, चार-चार गोळ्यांचे, नाव असलेला भाग कापून गेलेला. एका तुकड्यावर अर्धं नाव राहिलं होतं, त्यावरून कळलं, डायक्लोफिनॅक. "ही व्हय? ही गुडघ्याची हाय, औषध न्हाई." मेडिकलमधून आणायचे, वर्षभर, रोज एक, कधी दोन. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला. त्यांनी खोटं नव्हतं सांगितलं, त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं.

आणि ही गोळी नुसती पोट सोलत नाही, ती मीठ-पाणी धरून ठेवते, किडनीवर ताण देते, हार्ट फेल्युअरमध्ये टाळायच्या गोळ्यांच्या यादीत ती वरच आहे. जानेवारीत वाढलेलं दीड किलो वजन, चढलेलं क्रिएटिनिन, हे बऱ्याच अंशी तिचंही काम असणार. मी एका गोळीचा परिणाम दुसऱ्या गोळीचा डोस वाढवून निस्तरत बसलो होतो.

एंडोस्कोपी केली, जठराच्या खालच्या भागात एक छोटा अल्सर आणि आजूबाजूला ओरखडे, वाहतं रक्त नाही, बायोप्सीत एच. पायलोरी, म्हणजे अल्सर करणारा जंतू, पॉझिटिव्ह. एवढं सापडलं म्हणून थांबावंसं वाटतं, पण या वयात वर कारण सापडलं तरी मोठं आतडं बघून घेतलेलं बरं, म्हणून कोलोनोस्कोपीही केली, ती साफ निघाली. एच. पायलोरीचा चौदा दिवसांचा कोर्स, आणि पँटोप्राझोल, पोटातलं अ‍ॅसिड कमी करणारी गोळी. अ‍ॅस्पिरिनचं काय करायचं म्हणून कार्डिओलॉजिस्टना विचारलं, स्टेंट असल्याने चालूच ठेवा म्हणाले, पण पँटोप्राझोलच्या आडोशाने. पँटोप्राझोलने पोटातून लोह शोषलं जाणं आणखी कमी होतं, म्हणजे पुढे कधी लोह लागलं तर गोळीचा रस्ता उरलासुरलाही बंद. गुडघ्याला वरून लावायचं जेल, लागलंच तर पॅरासिटामॉल, आणि खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम. तो ते करत नाहीत, मला माहीत आहे.

बारा आठवड्यांनी परत मोजलं. फेरिटिन मुद्दाम आधी केलं नव्हतं, शिरेतून दिल्यावर पहिले काही आठवडे ते खोटंच उंच येतं. आता हिमोग्लोबिन १४, फेरिटिन २३०, सॅच्युरेशन २६. ईएफ ३८ च, तिळमात्र हललेला नाही. क्रिएटिनिन १.२. टॉर्सेमाइड पूर्वीपेक्षा निम्मी. चाल ३४१ मीटर, न थांबता, त्याच दोन खुर्च्यांच्या मध्ये.

यात लोहाचं किती आणि डायक्लोफिनॅक सुटल्याचं किती? चालण्याचं श्रेय मी वाटूनच देईन, एका केसवरून त्यापुढे जाता येत नाही. पण बर्फ मात्र लोहाचाच, कारण तो सुटला तेव्हा ती गुडघ्याची गोळी अजून चालूच होती.

सहा महिन्यांनी सॅच्युरेशन १९ वर उतरलेलं, हिमोग्लोबिन १४.२, संडासाचा रंग व्यवस्थित, तपासणीत रक्त नाही. हार्ट फेल्युअर आहे तोवर वॉचमन आहेच. दुसऱ्यांदा द्यायच्या आधी फॉस्फरस करून घेतलं, या इंजेक्शनने काहींचं फॉस्फरस खाली जातं आणि मग तोच थकवा, तीच हाडं-स्नायूदुखी, आणि आपण परत लोह शोधत बसतो. काकांचं ठीक होतं. यावेळी ५०० मिलिग्रॅमच दिलं, हिमोग्लोबिन १४ च्या वर आहे म्हणून, १५ च्या वर असतं तर दिलंच नसतं.

सलाईन चालू असताना काकू शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. मी सवयीने म्हटलं, काकू पिशवी दाखवा. पिशवी चोख होती. मग त्यांनी पाण्याची बाटली काढायला स्वतःची पर्स उघडली आणि त्यातून चार गोळ्यांचा एक तुकडा फरशीवर पडला, नाव कापून गेलेला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझं बी गुडघं दुखत्यात की ओ."